चांदोरकर काकांचा राजीनामा

झाशीजवळच्या मोठ गावातल्या दुकानदाराला पंप हवेत, एवढं पुण्याला कळवायचं असलं तरी चांदोरकर काका सकाळपासून मेल लिहायला बसत. सुरुवात 'सर्वांस सप्रेम नमस्कार'. मग झाशीची थंडी, मग स्वतःचा गुडघा, मग 'तिकडे अंबाडीची भाजी अजून मिळते का, कळवणे'. सगळ्यात खाली, आठवण राहिलीच तर, पंप. आणि हा मेल जायचा पुण्याच्या अख्ख्या ऑफिसला.

"सगळ्यांना कशाला, काका?"

"एकाला सोडलं की राग येतो, सूनबाई. लग्नातसुद्धा हेच होतं."

मी साताऱ्याची, लग्न होऊन झाशीत आले, म्हणून इथल्या समस्त मराठी मंडळींची सूनबाई. पाण्याचे पंप विकणाऱ्या एका पुणेरी कंपनीच्या दतिया गेटजवळच्या शाखेत आम्ही दोघंच मराठी. काकांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या झाशीतलं, आणि त्यांचा एकच अभिमान होता. "आमची मराठी पेशव्यांच्या वेळची. एकदम असली. त्यात मिलावट नाही!"

"भेसळ म्हणतात, काका."

"पुण्यात म्हणत असतील. तिकडची बिघडली आता."

घरी त्यांच्याशी मराठी बोलणारं कुणी उरलं नव्हतं. काकू गेलेल्या. मुलाला सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीत. म्हणून मेल. पुण्यातल्या लोकांना मराठीचं प्रेम दांडगं, पण ते वर्षातून एकदा, फेटा बांधून. काकांच्या मेलला उत्तर आलंच तर इंग्रजीत, एका ओळीचं. अंबाडीचं कुणी कळवलं नाही ते नाहीच.

मग एक दिवस इंग्रजीत फर्मान आलं: ऑफिसचा मेल फक्त ऑफिसच्या कामासाठी वापरावा. काकांनी त्याला ताबडतोब उत्तर दिलं, सगळ्यांना. 'सूचना उत्तम आहे. आपली तब्येत कशी आहे?' सोबत घरच्या गणपतीचे झाडून सगळे फोटो. पुण्याचा मेल दिवसभर अडकून पडला. एचआरच्या बाईंनी खुलासा मागवला, कारवाईची धमकी देऊन.

मी तेव्हा रजेवर होते. काकांनी खुलासा स्वतःच लिहिला, अर्थात मराठीत: 'वाद वाढवण्याची माझी इच्छा नाही. आपण म्हणाल त्या अटींवर मी राजीनामा करण्यास तयार आहे.'

मी परत आले तर टेबलावर बडा बाज़ारातली जिलबी. "पुण्याचा जबाब आला, सूनबाई! मराठीत! मान गए!" आणि काकांनी तो मोठ्याने वाचून दाखवला. "'आपला राजीनामा स्वीकारण्यात येत आहे. पुढील वाटचालीस मनःपूर्वक शुभेच्छा.' काय भाषा आहे! झगडा संपला."

माझ्या हातातली जिलबी हातातच राहिली. झाशीच्या कोर्टकचेरीत दोन भाऊ जमिनीचं भांडण समजुतीने मिटवतात, त्याला इथे राज़ीनामा म्हणतात. काकांनी समेट केला होता. पुण्याने त्यांना घरी पाठवलं होतं.

मी सांगितलं तेव्हा ते आधी हसले. मग त्यांनी तो मेल पुन्हा पहिल्यापासून वाचला.

मी पुण्याला फोन लावला. बाई म्हणाल्या, "अगंबाई, असं आहे होय? मग शब्द चुकला म्हणून दोन ओळी लिहून द्यायला सांगा. बघते मी." इतकं सोपं होतं. बाईंनी आधीच एक फोन करून विचारलं असतं तर तेही करावं लागलं नसतं, पण माणूस आपणहून जातोय म्हटल्यावर विचारतंय कोण! मला त्या बाईंचा भयंकर राग आला.

"लिहा काका, दोनच ओळी."

काका कीबोर्डवर बोटं ठेवून बसले. मग म्हणाले, "म्हणजे मी पुण्याला लिहून देऊ, की मला मराठी येत नाही?"

"नोकरी जातेय तुमची!"

"जाऊ दे."

आता मला काकांचाही राग आला, आणि रडूही येत होतं. त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, डबा पिशवीत घातला. इतक्या वर्षांत अख्खं वाक्य हिंदीत ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. दारात थांबले, माझ्याकडे न बघता म्हणाले,

"अच्छा बहू, हम चलते हैं।"