परस्थान शकुनबाईंच्या घरी

बुधवारी सकाळी सात वाजून बारा मिनिटांनी भोजराजची बॅग कुंपणावरून शेजारच्या शकुनबाईंच्या घरी गेली, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

गाडी होती शनिवारची. पण पंचांगवाल्या पुंडलिकरावांच्या हिशेबानं शनिवार वाईट. मग चांगल्या मुहूर्तावर सामान आधीच दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं, म्हणजे माणूस निघाला असं देव समजतो. याला परस्थान म्हणतात. एकदा ठेवलेलं सामान घरी परत आणलं की प्रवास मोडला.

प्रवास नाशिकचा. भोजराजचे वडील केशवराव यांना सांगितलं होतं, त्र्यंबकेश्वराचं दर्शन. खरी गोष्ट वेगळीच होती. लाखनीला हायवेवर भोजराजचं किराणा दुकान. तिथं थांबलेल्या एका ट्रक ड्रायव्हरनं सांगितलं, तिकडं शेतकरी द्राक्षाची वाइन करतात, शेतातच लहान लहान कारखाने.

"अवं, द्राक्षाची होते तं आपल्या मोहाची काहून नाई होणार?" भोजराज बायको चंद्रकलाला म्हणाला. "बाटलीले लेबल लावलं का साहेब लोक पेतीन!"

त्यानं तीन कारखान्यांना कार्डं टाकली. तिघांनीही "अवश्य या" म्हटलं.

तेव्हापासून चंद्रकलाचा जीव टांगणीला. नवरा सुपारीसुद्धा न खाणारा. अशा माणसाला तीन-तीन ठिकाणी चाखायला दिलं, तर संसाराचं काय होईल? म्हणून नऊ महिन्यांचं बाळ कडेवर घेऊन तीही निघाली होती, पहारा करायला. (नागपूरच्या पुढं काय आहे तेही एकदा बघायचं होतं, पण ते कुणाला सांगायचं नसतं.)

बॅग तिनंच भरली. जे लागेल ते भरलं आणि जे लागणार नाही तेही भरलं, कारण लेकराचं काय सांगावं! दुपटी, झबली, काजळाची डबी, ग्राइप वॉटर, भोजराजचं दाढीचं सामान, त्याच्या दोन्ही चांगल्या पँटी. कारखान्यांच्या पत्त्यांचा कागद सासऱ्यांना दिसू नये म्हणून घडी करून बाळाच्या कानटोपीत कोंबला. आपल्या हुशारीवर ती स्वतःच खूश झाली.

नऊ वाजता बाळ पोट दुखून रडायला लागलं.

"मावशी, बॅगेतली बाटली द्या ना जरा."

"नाई देत," शकुनबाई बॅगेला टेकून बसल्या. "परस्थानातलं घरी नेलं तं प्रवास मोडते. लेकराले इथं आण, इथंच पाज."

बाळ गेलं. मागून भोजराज दाढीला गेला. मग पँट बदलायला गेला. गुरुवारी बाळाची आंघोळ तिकडेच झाली, कारण दुपटी तिकडे. शुक्रवारी सकाळी भोजराज तिकडूनच परस्पर दुकानात गेला. गल्लीत लोक विचारू लागले, "काहो, केशवरावच्या घरी वाटण्या झाल्या काय?"

शुक्रवारी दुपारी गार वारा सुटला. शकुनबाईंनी मायेनं बॅगेतून बाळाची कानटोपी काढली, तर कागद खाली पडला. त्यांना वाचता येत नव्हतं. कागद काही सामान नव्हे, असं ठरवून त्यांनी तो कुंपणावरून दिला.

"केशवरावभाऊ, धरमशाळेचे पत्ते दिसतेत, हरपतीन. ठेवा."

केशवरावांनी चष्मा लावला. भोजराज जेवायला बसला होता, चंद्रकला पोळी वाढत होती. म्हाताऱ्यानं मोठ्यानं वाचलं. आधी तीन वाइन कारखाने, गावासकट. खाली भोजराजच्या अक्षरात, "विचाराचे प्रश्न. एक, मोहाची जमन काय. दोन, चाखाले पैसे पडतात काय. तीन, घरी बाबाले वास येईन काय."

पोळी चंद्रकलाच्या हातातच राहिली.

"भोज्या!"

"बाबा, मी निस्तं पाहाले जाऊन राहिलो होतो."

"पाहाले? दारू डोळ्यानं पेतेत काय?"

"नाई जात मग. बॅग घेऊन येतो."

"खबरदार! परस्थान ठेवलं हाय. आता कोणाले तरी जावंच लागन." केशवरावांनी चष्मा पुसला. "मीच येतो तुह्यासंगं. पाहतो कसा चाखते तं."

"अन् मी, मामाजी?" चंद्रकलानं हळूच विचारलं.

"तू लेकरू सांभाळ, बाई. तिकिटं दोनच हायेत."

शनिवारी बापलेक निघाले. (तिकिटावर 'चंद्रकला, स्त्री, वय तेवीस' होतं. केशवरावांच्या मिशा बघून टीसी काय म्हणाला, देव जाणे.) परस्थानातलं काही घरी आणायचं नसतं, म्हणून दुपटी-झबलीही नाशिकला गेली.

रात्री चंद्रकला थोडी रडली. मग तिला वाटलं, बरंच झालं. आपल्यापेक्षा मामाजींचा पहारा कडक.

आठव्या दिवशी सासऱ्यांचं कार्ड आलं. सासू ताराबाई म्हणाल्या, "वाच, मोठ्यानं." शकुनबाई आधीच येऊन बसल्या होत्या. चंद्रकलानं आधी मनात वाचलं, हे देवानंच सुचवलं. कार्डात असं होतं:

"भोजराजनं थेंबही तोंडाला लावला नाही. कारखानदार फार मायाळू, नाही म्हणवत नाही. पोरगा बिघडू नये म्हणून त्याच्या वाट्याचं मीच चाखून राहिलो. तिन्ही ठिकाणं झाली. मनात शंका नको, म्हणून उद्या पहिल्यापासून पुन्हा धरतो."

"काय लिहिलं?" ताराबाईंनी विचारलं.

"दर्शन... चांगलं होऊन राहिलं म्हणे."

तेव्हा तुमच्यापैकी कुणी नाशिककडं जात असेल, तर एवढा निरोप पोचवा. द्राक्षाच्या मळ्यात मोठ्या मिशांचा, भंडाऱ्याकडचा एक म्हातारा दिसेल. त्याला म्हणावं, पोरगा वाचला, सुनेची खात्री झाली, आता घरी या. फक्त निरोप सुनेचा आहे असं म्हणू नका, शकुनबाईंचा म्हणा. सुनेची तेवढी हिंमत नाही.