भगतकाकांचा नमुना

मंगळवार, २१ नोव्हेंबर. बोंडअळीनं कपाशी खाल्ली त्या वर्षातली गोष्ट. जागा: यवतमाळातल्या एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना. हजर: आमच्या शेजारचे नामदेवराव भगत, म्हणजे भगतकाका, त्यांच्या पत्नी कमलकाकू, मुलगी संगीता, डॉक्टरीणबाई, आणि त्यांचं बोलणं टिपून घ्यायला वही घेऊन मी.

रक्त काढून झालं होतं, पण काका बाही खाली करेनात.

"आनखी एक नळी भरा."

"एकच लागते, काका."

"तुमाले एक लागते. मले एक लागते. कापसाचा नमुना काढला का एक पुडी व्यापाऱ्यापाशी, एक आपल्यापाशी. दोनीवर दोघायच्या सह्या. उद्या तुमी म्हनसान हे रक्त भगतचं नाही, तं म्या काय दाखवू?"

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे पाहिलं. दुसरी नळी भरली. तिच्यावरच्या चिकटपट्टीवर काकांनी सही केली, डॉक्टरीणबाईंची घेतली, साक्षीदार म्हणून माझीही घेतली. पुढचे तीन आठवडे ती नळी त्यांच्या फ्रिजमध्ये लिंबाच्या लोणच्याशेजारी उभी होती.

"चाळीस वर्सं माह्यावर संशय घेतला," काकू म्हणाल्या. "आता सोताच्या रक्तावर घेऊन राह्यले."

काकूंचं खोटं नव्हतं. काका बाजाराला निघाले की पिशवीत स्वतःचं किलोचं वजन असतं. लग्नपत्रिका आली की वधूवरांच्या आधी छापखान्याचं नाव वाचतात. कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेले की डावी चप्पल एका कोपऱ्यात ठेवतात, उजवी दुसऱ्या. कुठलीही बातमी सांगा, मान तिरपी करून एकच प्रश्न: "याच्या मांगं कोन हाये?" पाऊस लांबला तरी तेच.

ही सवय त्यांना जिनानं लावली, असं माझं मत. कापसातून सरकी वेगळी काढायच्या कारखान्याला आमच्याकडे जीन म्हणतात. काका तीस वर्षं तिथे होते. पट्ट्यावरून कापूस येतो, त्यात खडा किंवा खिळा दिसला की वेचायचा, हात पोचला नाही तर यंत्र थांबवायचं. खिळा आत गेला तर ठिणगी, आणि ठिणगी पडली तर गंजीच्या गंजी खाक. संशय घेण्याचाच पगार होता.

त्यामुळे पहिल्या भेटीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "संगीताच्या जीनमध्ये बिघाड सापडला आहे, तो तुमच्या जीनमधून आला असू शकतो," तेव्हा काका खुर्चीत ताठ झाले.

"माह्या जिनात तीस वर्सात आग लागली नाही, बाई. कोन सांगतलं तुमाले?"

छातीतल्या गाठीच्या ऑपरेशननंतर संगीता पहिल्यांदा हसली, ती तेव्हा.

हा जीन निराळा, रक्तामांसातला, असं सांगितल्यावर काकांचा संशय वाढलाच. "म्हंजे बियान्यात टाकतात तो? त्यानं अळी मरनार होती. अळी बोंडात बसून हासून राह्यली. बियान्यातला चालला नाही, आता मानसातला विकता काय?"

डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या. त्यांनी सांगितलं ते मी लिहून घेतलं. गाठ होऊ न देणारे काही जीन प्रत्येकाच्या शरीरात असतात. पेशी भलतीच वाढायला लागली की तिला थांबवायचं, हे त्यांचं काम. प्रत्येकाच्या दोन प्रती, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक जन्मापासून नादुरुस्त असली तर सगळा भार दुसरीवर येतो. तीही कधी बिघडली की गाठ वाढायला मोकळी.

काकांनी टेबलावर दोन बोटं शेजारी शेजारी ठेवली. मग म्हणाले, "म्हंजे पट्ट्यावर दोन रखवालदार. एक पैदाइशी झोपेल. दुसरा जागा हाये तोवर काम चालते."

"अगदी तसंच."

"आन् हा झोपेल कोनाकून आला, ते पाह्यचं हाये."

तेच पाहायचं होतं. बिघाड कळल्यानं संगीताला कोणतं औषध लागू पडेल ते ठरवणं सोपं झालं होतं. तो आईकडचा की वडिलांकडचा हे कळलं, तर त्या बाजूच्या इतर बायकांना वेळेत सावध करता येणार होतं. काकूंनी लगेच रक्त दिलं. काकांनी काय केलं ते सांगितलंच.

रिपोर्ट आले. काकूंचं रक्त साफ होतं. बिघाड काकांकडचा.

काकांनी भिंगातून ओळ न् ओळ वाचली. मी त्यांच्या नेहमीच्या प्रश्नाची वाट पाहत होते. तो आला नाही.

"तुम्हाला बहिणी किती?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"एक होती. शांता. महागावले देल्ली होती. छातीतच गाठ झाली. चाळीसची होती."

"त्यांना मुलं?"

"एक पोरगी. रेखा."

"तिची तपासणी करायलाच हवी. आधी कळलं तर पुष्कळ काही करता येतं."

शांताच्या तेरवीची हकीकत आमच्या अख्ख्या कॉलनीला ठाऊक आहे. भर पंगतीत उठून काकांनी तिच्या सासूकडे बोट केलं होतं, की हिनं माझ्या बहिणीला काहीतरी चारलं. त्या दिवसापासून महागावचं जाणंयेणं बंद. रेखाच्या लग्नालाही काका गेले नाहीत.

बाहेर आम्ही ऑटोची वाट पाहत उभे होतो.

"शांतेची सासू हाये का व?" काकांनी विचारलं.

"पाच वर्सं झाले जाऊन," काकू म्हणाल्या.

काका रस्त्याकडे बघत राहिले. "त्या दिवशी माह्यं ताट तिनंच वाढून आनलं होतं. म्या ते हुंगून पाह्यलं."

ऑटो आला.

संगीतानं रेखाचा नंबर मिळवून दिला. काकांनी आतापर्यंत चार वेळा फोन केला. कपाशी कशी हाये, बोंडं किती सडले, पोरीयची शाळा कशी चालू हाये, एवढं विचारून ठेवून देतात. रेखानं संगीताला विचारलं, "इतक्या वर्सांनी मामाले माह्यी कपाशी काहून आठवली? काय पाह्यजे असंन त्यायले?"

मी काकांना म्हटलं, "मी सांगते तिला. दोन मिनिटांचं काम आहे."

"नाही मॅडम. त्या पंगतीत ते बोलनं माह्या तोंडानं गेलतं. माह्याच तोंडानं वापस यावं लागते."

माझ्या वहीत दवाखान्याच्या पानावर सहा कामं आहेत. पाचांवर खूण झाली. सहावं असं: महागाव. रेखाला सांगणे. वय अडतीस. बाकी.