शलाकाबाईंची बस आणि तीन मानाच्या तारा

एका जंगलात, मुलांनो, सारे प्राणी सुशिक्षित होते. म्हणजे कोणालाही काहीही विचारले तरी उत्तर मिळे. आणि न विचारले तर जरा लवकर मिळे.

त्या जंगलात शलाकाबाई नावाची साळींदर आपले यजमान कंटकराव यांच्यासह राहत असे. बाईंचा सारा जन्म बिळात गेला होता. मुले मोठी होऊन आपापल्या बिळांत नांदू लागली, तेव्हा बाईंनी एकच इच्छा बोलून दाखवली. त्यांना समुद्र पाहायचा होता. एवढे पाणी एका ठिकाणी कोणी आणि कशासाठी साठवले, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी तपासायचे होते.

माणसांनी रानात टाकून दिलेली एक जुनी बस होती. बाईंनी ती घासूनपुसून घेतली. आत दोन बिछाने घातले, ओटा बांधला, छताला पंखा टांगला, नळासाठी पंप बसवला. चाकांवरचे बीळच झाले म्हणा ना! आता एवढेच उरले होते की दोन नव्या बॅटऱ्या, एक इंजिनासाठी आणि एक पंखा-दिव्यांसाठी, तारांनी नीट जोडायच्या, आणि नदी भरण्याच्या आत पलीकडे जायचे. नदी एकदा भरली की त्या वर्षी समुद्र नाही. गेल्या वर्षी असेच राहून गेले होते. त्याच्या आदल्या वर्षीही.

घोटाळा केला तो कंटकरावांनी. पाणवठ्यावर ते सहज म्हणाले, "आमच्या बसचे वायरिंग चालू आहे."

ते घरी पोहोचण्याआधी मर्कटमामा बसच्या टपावर बसलेले होते.

"सूनबाई, इंजिनाची बॅटरी दिवसभर नुसती बसून खाते! पंखा-दिवे तिलाच जोड की," असे म्हणून मामांनी एक तार वरून खाली सोडली आणि शेपटीने गाठ मारली.

मागोमाग कोल्हेवकील आले. त्यांनी फ्यूज उपटून हातात घेतला. "शलाकाताई, हा कशाला पाळलात? जरा कुठे ताण पडला की हा जीव देणार. असला भित्रा प्राणी घरात नसावा." फ्यूजच्या जागी त्यांनी एक जाडजूड तार ठोकून दिली.

शेवटी गवेअण्णा आले. त्यांनी आपल्या वडिलांच्या वेळची बॅटरी आणली होती. ती पोटात फुगलेली होती आणि कडेने पाझरत होती. "नव्या बॅटऱ्या पोरकट असतात, पोरी. शेजारी कोणी वडीलधारे हवे," असे म्हणून अण्णांनी दोन्ही नव्या बॅटऱ्या तिच्याशी तारेने बांधल्या. त्या बिचाऱ्या रात्रभर म्हातारीलाच पोसत राहिल्या. सकाळी तिघी सारख्याच अर्धमेल्या झालेल्या होत्या.

मग काय विचारता! पंखा लावावा तर भोंगा वाजे. पंप लावावा तर काचेवरचा वायपर हले आणि नळाला थेंब येत नसे. इंजिन एकदा गुरगुरे आणि मौन धरे. इकडे डोंगरावर ढग जमू लागले.

शलाकाबाईंनी जे कोणीच केले नव्हते ते केले. प्रत्येक तारेचे एक टोक पंजात धरून त्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्या. मग यजमानांना म्हणाल्या, "अहो, या तीन तारा काढल्या की सारे सुरळीत होते."

कंटकराव दचकले. "अगं, काढतेस काय? मामांनी भर उन्हात बसून घातली आहे ती! वकीलसाहेबांना मी कोणते तोंड दाखवू? आणि अण्णांची बॅटरी बाहेर ठेवलीस, तर अण्णा आपल्याशी बोलणे टाकतील."

"आणि समुद्र?"

"तो कुठे पळतोय? पुढच्या वर्षी जाऊ."

बाईंच्या पाठीवरचा काटा न् काटा उभा राहिला. परंतु त्या चांगल्या वळणात वाढलेल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "तर मग आपण तिघांचा जाहीर सत्कार करू."

सत्कार म्हटल्यावर तिघेही वेळेआधी आले. सारे जंगल लोटले. बाईंनी शाल-श्रीफळ मांडले आणि हात जोडून विनंती केली, "कोणाचा सत्कार कशासाठी, हे सभेला कळायला हवे. तेव्हा ज्यांनी जी तार घातली, त्यांनी ती हाती धरावी."

"हीच ती माझी!" मामा म्हणाले.

"ही सर्वस्वी माझी," वकील म्हणाले.

अण्णांनी तार तोंडात धरली होती, म्हणून त्यांनी नुसती मान डोलावली.

"अहो, आता सगळी बटणे एकदम दाबा," बाई म्हणाल्या.

भोंगा बोंबलला. वायपर थयथयाट करू लागला. वकिलांच्या तारेतून चरचर आवाज आला, मामांच्या तारेतून धूर आला, अण्णांच्या बॅटरीतून तर दोन्ही आले.

"आई गं!" तिन्ही तारा एकदम जमिनीवर पडल्या.

"मामा, आपली तार पडली," बाई अदबीने म्हणाल्या.

"माझी? छे गं! मी फक्त पाहायला धरली होती."

"वकीलसाहेब, आपली?"

"या तारेशी माझा कोणताही संबंध शाबीत होत नाही."

"अण्णा, ही बॅटरी आपल्या वडिलांची ना?"

"आमचे वडील कंदील वापरत," अण्णा म्हणाले.

"म्हणजे या तारा बेवारस म्हणायच्या," असे म्हणून शलाकाबाईंनी त्या दातांनी कट्, कट्, कट् तोडल्या आणि फ्यूज पुन्हा जागेवर बसवला. यजमानांचा जीव भांड्यात पडला.

धुराचा पुरावा डोळ्यांआड व्हावा म्हणून तिन्ही सत्कारमूर्तींनी बस अशी काही ढकलली की इंजिन धडधडत सुरू झाले. नदीचे पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंत आले होते, तेवढ्यात बस पलीकडे पोहोचली.

बाईंनी समुद्र पाहिला. बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, "चांगला आहे हो. किनारा मात्र कोणी सरळ काढलेला नाही." आणि पदराने डोळे पुसले. खारा वारा होता, दुसरे काही नाही.

जंगलात अजूनही वाद चालू आहे. बस गेली ती मामांच्या सल्ल्याने, वकिलांच्या की अण्णांच्या, यावर एकमत व्हायचे आहे.

तात्पर्य : मुलांनो, वडीलधाऱ्यांनी घातलेली तार आपण होऊन कधीही तोडू नये. ती आदराने त्यांच्याच हाती द्यावी आणि बटण दाबावे.