विमानं पास करणारे घोडके काका

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले घोडके काका विमानं रिजेक्ट करतात.

तुम्ही म्हणाल, काहीतरीच काय! मीही तेच म्हणालो होतो. पिंपळे सौदागरला राहायला आलो, त्याच आठवड्यातली गोष्ट. पाणी का येत नाही ते बघायला गच्चीवर गेलो, तर बनियनवर एक गृहस्थ कठड्याला टेकून उभे. हातात लांबडं रजिस्टर, कानावर लाल पेन. डोक्यावरून एक विमान लोहगावच्या दिशेनं उतरत गेलं. त्यांनी एक डोळा मिटून ते दिसेनासं होईपर्यंत बघितलं आणि वहीत काहीतरी खरडलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"रिजेक्ट. डावा पंख खाली. ही काय उतरायची पद्धत झाली का, राव?"

तेवढ्या वेळात ते विमान सुखरूप उतरलंही असेल आणि माणसं बॅगांची वाट बघत उभी राहिली असतील. पण काकांच्या लेखी ते रिजेक्ट. पाण्याचं विचारायचं मी विसरूनच गेलो.

काका मूळचे लातूरकडचे. चाकणच्या एका कंपनीत एकतीस वर्षं क्वालिटीला होते. मशीनवरून पार्ट आला की माप तपासायचा गेज लावायचा. बसला तर ओके, नाही बसला तर लाल पेन. मधला रस्ता एकच असतो, त्याला डेव्हिएशन म्हणतात. म्हणजे पार्ट मापात नाही, पण अगदीच टाकाऊही नाही, तेव्हा ह्या खेपेला चालवून घ्या, असं कुणीतरी सही करून लिहून द्यायचं. 'अंडर डेव्हिएशन, ओके.' सगळ्या जगाचं गाडं ह्या एका वाक्यावर चालतं म्हणा ना! पण काकांनी एकतीस वर्षांत त्या वाक्याखाली एकदाही सही केली नाही. सख्ख्या साडूच्या वर्कशॉपमधून आलेला माल त्यांनी अख्खाच्या अख्खा परत पाठवला. पुढं दोन वर्षं साडू दिवाळीला आला नाही. काका म्हणतात, "न येऊ दे. भोक मापात नव्हतं."

निवृत्तीच्या दिवशी कंपनीनं भिंतीवरचं घड्याळ दिलं. काकांनी ते आठवडाभर तपासलं आणि दोन मिनिटं मागं पडतं म्हणून परत नेऊन दिलं. मग घरी बसले आणि स्वयंपाकघरात शिरले. पोळीची जाडी, डाळीचा दाटपणा, फ्रिजमधल्या डब्यांची रांग. तीन आठवडे काकूंनी सोसलं. चौथ्या आठवड्यात लाटणं ओट्यावर आपटून त्या म्हणाल्या, "लग्नाला पस्तीस वर्षं झाली, माझी एक पोळी तुमच्याकडून ओके झाली नाही. जा, गच्चीवर जा आणि काय तपासायचंय ते तपासा!"

काका गच्चीवर गेले. तिथं तपासण्यासारखं एकच होतं, ते वरून चाललं होतं.

गच्चीवर भागेना तेव्हा ते जागा शोधायला लागले. 'स्पॉट' म्हणतात ते. स्पॉट पास करायची त्यांची रीत कंपनीतलीच: तीन वेळा जायचं, तीन वेगवेगळ्या वारांना. सावली आहे का, चहा मिळतो का, कुत्री अंगावर येतात का आणि सगळ्यात मुख्य, चाकं बाहेर येताना दिसतात का. थेरगावला डांगे चौकाजवळ त्यांच्या जुन्या सहकाऱ्याची गच्ची होती. "फार उंच जातंय. विमान आहे का घार, कळंना. रिजेक्ट." तळवड्याला माझ्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये एकदा येऊन उभे राहिले. चहा पास झाला, स्पॉट नापास. विमानतळाच्या भिंतीकडं मात्र ते कधी फिरकत नाहीत. "ते लष्कराचं. तिथं वही काढायची नाही आणि मानसुद्धा जपून वर करायची." कॅमेरा, दुर्बीण असलं काही ते जवळ ठेवत नाहीत. तरी एकदा मी बरोबर असताना आळंदी रस्त्यावर एका टपरीपाशी पोलिसानं त्यांना हटकलंच. रजिस्टर उघडून त्यानं मोठ्यानं वाचलं, "चाकं वेळेत बाहेर, ओके. आवाज जरा जास्त, पण ओके. हे काय आहे?"

"तपासणी."

"कुणी सांगितली?"

"आता तपासणी काय कुणी सांगावी लागते का?"

पोलिसानं त्यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि मला म्हणाला, "घरी घेऊन जा ह्यांना." मी स्कूटरवर घालून घरी आणलं.

तर असे हे काका एकदाही विमानात बसलेले नव्हते. कुणी विचारलं की छाती पुढं काढून म्हणायचे, "मी वर बसलो तर खालून बघणार कोण?" ऐकणारा हसायचा आणि विषय संपायचा.

काकूंच्या पुढं मात्र तो संपला नाही. त्यांच्या भिशीच्या बायकांनी दिल्ली-आग्र्याची सहल ठरवली, जोडीनं, विमानानं. काकू हरखून गेल्या. मी तेव्हा त्यांच्याकडं विरजण मागायला गेलो होतो, म्हणून सगळं कानावर पडलं.

"तुमचं नाव देऊ ना?" काकूंनी विचारलं.

काकांनी रजिस्टरमधून मान वर केली नाही. "मी वर बसलो तर खालून..."

"कळलं." काकूंनी विरजणाची वाटी माझ्या हातात दिली आणि जरा वेळानं हसून म्हणाल्या, "मग खालून हात तरी करा. मी बघीन खिडकीतून."

त्या आपल्या सहज बोलून गेल्या. काकांनी ती ऑर्डर म्हणून घेतली.

पुढचे दीड महिने माझा एक रविवार माझा राहिला नाही. आता सगळं उलटं झालं होतं. विमान कुठून चांगलं दिसतं ते नको, विमानातून आपण कुठं चांगले दिसू ते शोधायचं. हिवाळा होता. पूर्वेचं वारं असलं की विमानं आमच्या बाजूनं येतात, पवना ओलांडून, दिघीच्या जवळून. त्या वाटेवरची प्रत्येक मोकळी जागा आम्ही पालथी घातली. एकीकडं विजेच्या तारा, एकीकडं झाडं, एकीकडं क्रिकेट. शेवटी दिघीच्या अलीकडं बाळूअण्णांचा गोठा सापडला. बाळूअण्णा तिथले जुने शेतकरी. आजूबाजूला इमारती उठल्या तरी दोन गुंठे आणि चार म्हशी त्यांनी राखून ठेवल्या आहेत. काकांनी सगळी हकिगत सांगितली तेव्हा ते पोट धरून हसले.

"म्हंजी वहिनी वरनं बगणार आन् तुमी खालनं हात करणार? करा की! आमी कुठं न्हाई म्हन्तो? जागा तुमचीच हाय."

हात करून भागणार नव्हतं. एवढ्या उंचीवरून माणूस म्हणजे मुंगी. तेव्हा चादर पसरायचं ठरलं. त्यासाठी काकांनी पार्किंगमध्ये एकेक चादर अंथरली आणि मला बाराव्या मजल्यावर उभं करून फोनवर विचारलं, "दिसती का? कोपरे दिसतात का?" सोसायटीला वाटलं, कुणाकडं तरी लग्न आहे. पिवळी पास झाली. ती नेमकी काकूंनी पाहुण्यांसाठी कपाटात जपलेली, कोरी. काकूंनी दिली, पण बजावून. "धुऊन, इस्त्री करून जागेवर ठेवायची."

काकांनी त्यांना कागदावर नकाशा काढून दिला. डावीकडची खिडकी. नदी गेली की मनात साठपर्यंत मोजायचं. मग खाली बघायचं, पिवळा चौकोन.

काकू दिल्लीला गेल्या आणि परतीचा रविवार उजाडला. काकांनी काठीला पिशवी बांधून वारं तपासलं. पूर्वेचंच होतं. दहाच्या सुमारास आम्ही गोठ्यापुढच्या मोकळ्या जागेत चादर अंथरली, चार कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. काका स्वतः कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. विमानाला उशीर होता. विमान कुठवर आलं ते दाखवणारा मोबाइलवरचा नकाशा मी बघत बसलो. काका उकिडवे बसले आणि एकदम म्हणाले, "नितीनराव, मी भित्रा आहे हो."

मी मोबाइल खाली ठेवला.

"खालून बघणार कोण, हे नुसतं बोलायचं. मला भीती वाटते. पस्तीस वर्षांत तिला कधी एकटीला एवढ्या लांब सोडलं नाही. आणि ती माझ्यासाठी थांबली असती, मी नुसतं 'थांब' म्हणालो असतो तर. म्हणून म्हणालोच नाही. आता एवढं तरी नीट झालं पाहिजे."

तेवढ्यात मागं बाळूअण्णा ओरडले, "आरं आरं आरं, हाणा त्याला!"

बघतो तर दावं तोडून आलेलं रेडकू चादरीच्या मधोमध उभं! आम्ही धावलो तसं ते बिथरलं, विटा उडाल्या, चादर पायात गुंतली आणि रेडकू तिच्यासकट शेणाच्या खड्ड्यात. चादर ओढून काढली तेव्हा तिच्यावर पिवळा रंग औषधालाही शिल्लक नव्हता.

मोबाइलमध्ये बघितलं. "काका, विमान हिंजवडीच्या पुढं आलंय!"

काका सैरभैर झाले. मग वैरणीवरची निळी ताडपत्री त्यांनी स्वतःच्या हातानं ओढली. बाळूअण्णा "आवं माजा कडबा!" म्हणेपर्यंत ती जमिनीवर पसरली होती. त्यात पश्चिमेकडून आवाज आला. "येऊलालंय!" काका ओरडले. घाईत आले की ते लातूरचं बोलतात. ताडपत्रीच्या मधोमध उभे राहून त्यांनी दोन्ही हात हलवायला सुरुवात केली. शर्टावर शेण, चष्मा नाकावर घसरलेला. मी हात हलवला. बाळूअण्णांनी मुंडासं हलवलं. विमान डोक्यावरून गेलं, पार दिसेनासं झालं, तरी काकांचे हात चालूच होते.

"ओके?" मी विचारलं. रजिस्टर त्यांनी परत काखेत घेतलं होतं.

"मी कोण ठरवणार? ती सांगेल."

दीड वाजता भिशीच्या बायकांची गाडी सोसायटीच्या गेटवर आली. काका आंघोळ करून, दुसरा शर्ट घालून तासभर आधीच उभे होते. काकू उतरल्या. चेहरा दमलेला, हातात पेठ्याचे डबे. काकांनी ना प्रवास विचारला ना तब्येत.

"दिसलं का?"

काकू क्षणभर थांबल्या. मग तोंडभर हसल्या. "दिसलं म्हणजे काय! नदी गेली, साठ मोजले, खाली बघितलं तर पिवळीधमक चादर! चारी कोपरे! आणि मधे तुम्ही, हात करताय."

मी तोंड उघडलं. काकांचा हात माझ्या दंडावर पडला आणि चांगलाच चिमटा बसला.

"मी म्हणालो नव्हतो?" काका म्हणाले. "पिवळीच पाहिजे म्हणून. आण, ती बॅग दे इकडं."

दोघं लिफ्टकडं गेले. ती चादर त्या वेळी आमच्या वॉशिंग मशीनमध्ये तिसरं पाणी खात होती आणि माझी बायको माझ्याशी बोलत नव्हती.

संध्याकाळी गच्चीवर गेलो. काका कठड्याला टेकून उभे, रजिस्टर उघडं. मी सरळ डोकावलो. त्या दिवसाच्या तारखेपुढं लिहिलं होतं: 'दिल्लीचं विमान. सौ. आल्या.' शेऱ्याच्या रकान्यात, काकांच्या त्या कोरीव अक्षरात: 'अंडर डेव्हिएशन, ओके.' आणि खाली पूर्ण सही.

ज्या माणसानं सख्ख्या साडूलाही सोडलं नव्हतं, त्यानं बायकोची थाप सही करून पास केली होती.

"काका, त्यांनी बघितलं नाही, हे तुम्हाला तिथंच कळलं ना?"

"डोळे मिटले असतील तिनं," काका म्हणाले. "जत्रेतल्या पाळण्यात बसली तरी गच्च मिटून घेते. लग्नानंतर पहिल्या जत्रेत बघितलं होतं मी. हे आधीच धरायला पाहिजे होतं. चूक माझी." त्यांनी रजिस्टर मिटलं. वरून एक विमान गेलं, ते त्यांनी बघितलंसुद्धा नाही. "घाबरली असेल हो बिचारी. आणि मला वाईट वाटू नये म्हणून वर तोंडभर हसली."

"पुढच्या खेपेला शेजारी कुणीतरी पाहिजे तिच्या," काका म्हणाले. "नदी गेली की सांगायला, आता उघड म्हणून."

"म्हणजे तुम्ही बसणार? विमानात?"

"बसावं लागेल." कानावरचं पेन त्यांनी काढलं, परत ठेवलं. "खाली चादर तुम्ही धरायची, नितीनराव. आणि आधी ते रेडकू बांधून घ्यायचं."