उरलेली कातडी

नागसेन रामटेके अंघोळीला जाताना टॉवेल गळ्यापासून गुंडाळून जाऊ लागले, तेव्हा त्यांच्या बायकोला, यशोधराला, आधी वाटलं की सर्दी झाली असेल. पण ऑक्टोबरचा उकाडा होता आणि घरातला पंखा पाचवर फिरत होता.

"काय लपवून राहिले?" तिनं विचारलं.

"काही नाई."

"गोंदून तं नाई घेतलं?"

"या वयात?" म्हणत नागसेन बाथरूममध्ये शिरले आणि आतून कडी लावली. कडीचा आवाज ऐकून यशोधरा विचारात पडली. पंचवीस वर्षांच्या संसारात त्या कडीचा वापर फक्त पाहुणे करत आले होते.

खरं म्हणजे नागसेनरावांनी लपवावं असं काही नव्हतंच. उलट छाती काढून फिरावं असं काम त्यांनी केलं होतं. दीड वर्षापूर्वी कामठीला भाच्याच्या लग्नात ते प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले आणि खुर्चीचे चारही पाय चार दिशांना गेले. अख्खा मांडव हसला. नागसेनही हसले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी वैशालीनगरच्या बगिच्यात फिरायला गेले. पहिल्या दिवशी अर्धी फेरी झाली आणि उरलेला वेळ बाकावर गेला. पण ते रोज जात राहिले. ऑफिससमोरचा तर्री पोहा सोडला, चहातली साखर सोडली, रविवारचं मटण महिन्यावर नेलं. पाटबंधारे खात्यातले त्यांचे सहकारी बळीराम यांनी मुलाच्या बारशाचे पेढे पुढे केले, तर नागसेननी पेढा हातात घेऊन वास घेतला आणि परत डब्यात ठेवला. एवढं करून जवळपास चाळीस किलो वजन उतरलं. साखर ताब्यात आली. तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात ते जिन्यानं चढू लागले, आणि वर पोचल्यावर लिफ्टमधून येणाऱ्यांची वाट पाहत उभे राहू लागले.

फक्त एक झालं. आतला माल गेला, पण पोतं तेवढंच राहिलं. पोटावरची कातडी सैल पडून खाली लोंबू लागली. दंड वर केला की खालून काहीतरी हलायचं. बुटाची नाडी बांधायला वाकलं, की सगळं पुढे येऊन जमा व्हायचं. कपडे घातले की नागसेन पस्तिशीतले दिसत आणि कपडे काढले की स्वतःच्या वडिलांसारखे.

शेवटी यशोधरानं एक दिवस टॉवेल ओढलाच.

"एवढंच?" ती म्हणाली. "मले वाटलं काय झालं नि काय नाई."

"एवढंच? हे पाह्य ना. ओढलं तं हातभर येते."

"मंग ओढून कायले राहिले?"

नागसेननी टॉवेल परत गुंडाळला. त्यांनी उपाय सुरू केले. बळीराम म्हणाले तिळाचं तेल चोळा, म्हणून महिनाभर तेल चोळलं, तर बनियनं पिवळी पडली. काटोलच्या मावशीनं फोनवर सांगितलं संत्र्याच्या सालीचा लेप लावा, म्हणून तो लावला. ऑफिसात त्यांच्या टेबलाजवळून जाणारा प्रत्येक जण विचारू लागला की संत्री कोणी आणली. कॉलेजात शिकणाऱ्या त्यांच्या मुलीनं, नूपुरनं, त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "वीस वर्षं ताणलेली कातडी आहे. थोडी हळूहळू आवळेल, थोडी राहील. तुम्ही आनंदानं राहा." नागसेनना त्यातलं "थोडी राहील" तेवढं ऐकू आलं.

आणि नेमकं ह्याच दिवसांत सत्काराचं निघालं.

बगिच्यात सकाळी फिरणाऱ्यांचं एक मंडळ होतं. जानेवारीत त्याचा वार्षिक कार्यक्रम असे. ह्या वर्षी 'आदर्श फिरणारा' म्हणून नागसेन रामटेके यांचा शाल आणि सन्मानचिन्ह देऊन सत्कार करायचं ठरलं. मंडळाचे उपाध्यक्ष मनोहरराव यांनी तेवढी कुरकुर केली. मनोहरराव अकरा वर्षं बगिच्यात येत होते आणि त्यांचं पोट अकरा वर्षांत एक बोटही हललं नव्हतं. गोल, टणक, ताशासारखं वाजणारं पोट होतं ते. फिरण्यापेक्षा बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर बोलण्यात त्यांची सकाळ जाई. नागसेन जाड होते तेव्हा मनोहरराव त्यांना 'गोडाऊन' म्हणत. बारीक झाले तेव्हा सगळ्यांदेखत हळूच विचारत, "रामटेके, रक्त तपासून घेतलं का गा? असं अचानक उतरणं बरं नसते."

सत्कार स्टेजवर होणार, फोटो निघणार. नागसेननी नवा कुर्ता घालून आरशात पाहिलं. कापड पातळ होतं. पोटाजवळ एक घडी दिसत होती, आणि ती कुर्त्याची नव्हती. त्यांनी मनाशी निश्चय केला आणि घरापासून लांब, मेडिकल चौकातल्या एका दुकानात गेले.

"पोटाचा पट्टा आहे का?" त्यांनी शक्य तितक्या खालच्या आवाजात विचारलं.

"डिलिव्हरीनंतरचा?" दुकानदारानं शक्य तितक्या वरच्या आवाजात विचारलं.

दुकानात चार माणसं होती. नागसेननी मान हलवली.

"नॉर्मल की सिझर?"

"नॉर्मल."

"मॅडमची कंबर किती?"

नागसेननी स्वतःच्या कमरेचं माप सांगितलं. दुकानदारानं माप पुन्हा एकदा विचारून घेतलं. त्यानं एक रुंद, कातडीच्या रंगाचा, वेल्क्रोच्या चिकटपट्टीनं बंद होणारा पट्टा काढून दिला आणि हसून म्हणाला, "काय झालं मग?"

"मुलगी," नागसेन म्हणाले. ते खोटं नव्हतं. फक्त त्याला वीस वर्षं होऊन गेली होती.

"अभिनंदन," दुकानदार म्हणाला. बाकीच्या चौघांनीही अभिनंदन केलं.

कार्यक्रमाच्या सकाळी नागसेननी श्वास आत घेऊन पट्टा आवळला. पोट सपाट झालं. कुर्ता इस्त्रीच्या पाटासारखा सरळ बसला. यशोधरानं पाहिलं आणि विचारलं, "बसता येते का याच्यात?"

"बसायचं कायले? सत्कार उभ्यानं होते."

बगिच्यात हिरवळीवर छोटं स्टेज होतं. थंडी चांगली पडली होती. लोक स्वेटर, कानटोप्या घालून खुर्च्यांवर बसले होते. पाहुण्या म्हणून भागातल्या एक वयस्कर डॉक्टरीणबाई आल्या होत्या. अध्यक्षांनी नागसेनचं कौतुक सुरू केलं. ते कामठीच्या खुर्चीपासून निघाले, अर्ध्या फेरीवर आले, जिन्यावर चढले. नागसेन ताठ बसून ऐकत होते. ताठ बसण्यावाचून त्यांना दुसरा मार्गही नव्हता, पण लांबून पाहणाऱ्यांना तो रुबाब वाटत होता. दुसऱ्या रांगेत बसलेल्या नूपुरनं फोटो काढले. नागसेनना वाटलं, आयुष्यात एवढ्या लोकांनी आपल्याकडे एकदम पाहिलं ते फक्त त्या लग्नात, आणि आज पाहताहेत ते वेगळ्या कारणासाठी.

मग डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली. शाल जाड, लोकरीची, दोन्ही टोकांना लांब गोंडे असलेली होती. नागसेननी नमस्कारासाठी कमरेत वाकून मान खाली घातली.

चर्र.

माईक जवळच होता. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. लोकांना वाटलं कुर्ता फाटला. कुर्ता शाबूत होता. पट्ट्याची पकड सुटली होती आणि त्याचं एक टोक कुर्त्याखालून बाहेर येऊन हळूच लोंबू लागलं होतं. नागसेननी दोन्ही कोपरं बरगड्यांना घट्ट दाबून उरलेला पट्टा जागेवर धरला. पण खाली लोंबणाऱ्या टोकाला शालीचे गोंडे लागले, आणि चिकटपट्टीला लोकर सापडली की ती काही सोडत नाही.

"आता रामटेके साहेब दोन शब्द बोलतील," अध्यक्ष म्हणाले.

शाली घडी करून ठेवण्याचं काम मनोहररावांकडे होतं. ते मागून पुढे आले. "द्या शाल, घडी करून ठेवतो."

"राहू द्या अंगावर," नागसेन म्हणाले. "थंडी आहे."

"बोलताना पडते ती. सोडा ना गा."

"नाई, राहू द्या."

"अहो, तुमचीच आहे, मी काय घरी नेऊन राहिलो?"

मनोहररावांनी शाल ओढली. शालीबरोबर गोंडे आले, गोंड्यांबरोबर पट्टा आला, आणि पट्टा यायला लागला तसे नागसेन जागच्या जागी अर्धे वळले. शेवटी तो पूर्ण बाहेर निघाला आणि मनोहररावांच्या हातातल्या शालीला लांबलचक लटकत राहिला.

"हे काय होय?" मनोहररावांनी तो वर धरला.

"पट्टा होय," पहिल्या रांगेतून कोणीतरी म्हणालं. "पोटाचा. आमच्या सुनेजवळ होता."

मनोहररावांच्या चेहऱ्यावर अकरा वर्षांचं समाधान पसरलं. ते माईकजवळ वाकले. "म्हणजे पोट कुठं गेलंच नाई. बांधून ठेवलं होतं फक्त."

लोक हसले. आधी पुढचे हसले, मग मागचे. मंडळाच्या सेक्रेटरींनी गोंधळून नागसेनसमोर टेबलावर ठेवलेलं सन्मानचिन्ह थोडं स्वतःकडे ओढून घेतलं. नागसेनच्या कानात कामठीच्या मांडवातला आवाज भरला. हातातला भाषणाचा कागद त्यांना दिसेना. दीड वर्षाच्या फेऱ्या, परत ठेवलेला तो पेढा, तिसरा मजला, सगळं एका पट्ट्यानं खोटं पाडलं होतं.

तेव्हा दुसऱ्या रांगेतून यशोधरा उभी राहिली.

"वर करा तो कुर्ता," ती म्हणाली.

"काय?"

"वर करा म्हणते ना. काहून लाजून राहिले? दाखवा त्यायले काय बांधलं होतं ते."

नागसेननी तिच्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती. त्यांनी कुर्त्याचं टोक धरलं आणि छातीपर्यंत वर उचललं, बनियनसकट.

कातडी खाली आली. घड्यांवर घड्या, मध्ये पांढऱ्या रेघा, सगळी मऊ आणि रिकामी. जानेवारीचं कोवळं ऊन नेमकं तिच्यावर पडलं होतं. हसणं थांबलं. नागसेननी मूठभर कातडी धरून पुढे ओढली. ती खरंच हातभर आली.

"मनोहरराव," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज आपोआप मोठा झाला, "पोट असतं तं तुम्हाले दिसलं असतं. ते पट्ट्यात मावलं नसतं. तुम्हीच त्याले गोडाऊन म्हणत होते. हे गोडाऊन खाली केलं मी. एकेक पोतं रोज सकाळी बाहेर नेऊन. हे फक्त पडदे राहिले."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा लावला आणि विचारलं, "पाहू का जरा?" नागसेननी मान हलवली. बाईंनी दोन बोटांत कातडी धरून पाहिली, सोडली, पुन्हा धरली आणि माईककडे वळल्या. "आत चरबी जवळजवळ नाही. अशी कातडी राहायला माणसाला भरपूर वजन उतरवावं लागतं. हे बांधून होत नाही."

टाळ्या सुरू झाल्या. सेक्रेटरींनी सन्मानचिन्ह परत सरकवलं. आणि टाळ्या चालू असतानाच कडेच्या खुर्चीवरच्या गोपिकाताई उठल्या. भर मे महिन्यातसुद्धा मनगटापर्यंत बाह्यांचे ब्लाऊज घालणाऱ्या, बगिच्यात कोणाशी फार न बोलणाऱ्या बाई. त्यांनी स्वेटर काढला, बाही दंडापर्यंत वर केली आणि हात हलवला.

"माही बी पाहा," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं झाली. मले वाटलं मी एकलीच आहे."

कार्यक्रम लांबला. कोणी मानेखालची कातडी दाखवली, कोणी मांडीची नुसतीच सांगितली. नागसेननी भाषण केलंच नाही, पण फोटो मात्र पुष्कळ निघाले, आणि त्यातल्या सगळ्यांत चांगल्या फोटोत त्यांचा कुर्ता छातीपर्यंत वर होता. नूपुरनं तो काटोलच्या मावशीलाही पाठवला. निघताना मनोहररावांनी शालीची नीट घडी केली, गोंड्यातून पट्टा सोडवून त्याचीही गुंडाळी केली आणि दोन्ही नागसेनच्या हातात दिलं.

त्यानंतर बगिच्यातली हवा बदलली. नवीन येणारे लोक नागसेनना गाठून विचारू लागले की वजन किती गेलं, आणि नागसेन आकडा सांगायच्या आधी दंड वर करून दाखवू लागले. गोपिकाताईंनी उन्हाळ्यात अर्ध्या बाह्यांचे ब्लाऊज शिवले. बाकावर बसून पोट कुरवाळणाऱ्यांकडे कोणी फारसं पाहीना.

एप्रिलमधल्या एका सकाळी नागसेन तिसरी फेरी संपवत होते, तर मागून धापा टाकण्याचा आवाज आला. मनोहरराव होते. घामानं शर्ट अंगाला चिकटला होता. बाकावर त्यांची जागा महिनाभर रिकामी होती, हे नागसेनच्या तेव्हा लक्षात आलं. मनोहररावांनी इकडेतिकडे पाहिलं, त्यांना जांभळाच्या झाडामागे नेलं आणि शर्टाची खालची दोन बटणं उघडली.

"पाहा बरं गा," ते हळूच म्हणाले. "थोडी ढिली पडून राहिली का?"

नागसेननी दोन बोटांत धरून पाहिलं. जागा बदलून पुन्हा पाहिलं. मनोहरराव श्वास रोखून उभे होते.

"अजून नाई," नागसेन म्हणाले. "पण होईल."