हेरॉन्सच्या आतल्या गोटातून

वेन लाहती खोटं बोलला तो बुधवारी सकाळी, डोलोरसच्या डोनटच्या दुकानात, दुसरी कॉफी पिता पिता. तोवर आयुष्यात तो फारसं खोटं बोललेला नव्हता. ॲश्टाबुलाच्या धक्क्यावर बत्तीस वर्षं क्रेन चालवणाऱ्याला त्याची गरज पडत नाही. खनिज जहाजातून उतरलं की नाही, ते साऱ्या गावाला दिसतं.

रविवारी ड्राफ्ट होता. गेल्या हंगामात हेरॉन्स या बेसबॉल संघाने एकशेचार सामने हरून दाखवले होते आणि त्याचं बक्षीस म्हणून यंदा त्यांना चौथी निवड मिळाली होती. शाळा-कॉलेजांतून खेळणारी देशभरची पोरं त्या दिवशी संघांमध्ये वाटली जातात. ज्याने जास्त मार खाल्ला तो आधी उचलणार. हेरॉन्सचे चाहते हंगामापेक्षा या दिवसाची वाट जास्त पाहत. हंगामात काय होणार ते एप्रिलमध्येच कळून चुकायचं. ड्राफ्टच्या दिवशी मात्र अजून काहीच बिघडलेलं नसायचं.

डोलोरसच्या दुकानात या प्रश्नावर दोन तट होते. खिडकीजवळची टेबलं वेनची. त्यांना फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा, कॉलेजातला कॅचर हवा होता, इंडियानाचा नेट ऑस्टरहाउट. वय एकवीस, पाय जमिनीवर, तीन वर्षांत एकही दुखापत नाही. काउंटरवरची स्टुलं सॅल कोल्युचीची. त्यांना चेंडू फेकणारा, टेक्सासच्या शाळेतला एक पिचर हवा होता. त्याचं वय अठरा, आणि त्याचा चेंडू म्हणे डोळ्यांना दिसायच्या आधी कानाला ऐकू यायचा.

वेन आणि सॅल अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. त्याआधीची तीस वर्षं ते एकाच पाळीत, एकाच धक्क्यावर होते आणि त्यांचं बोलणं कधी थांबत नसे. भांडणही ड्राफ्टवरूनच झालं. तेव्हा शाळेतला पिचर हवा म्हणून वेन हटून बसला होता आणि सॅल कॉलेजातल्या एका शॉर्टस्टॉपसाठी, म्हणजे जवळच्या क्षेत्ररक्षकासाठी. हेरॉन्सनी पिचर घेतला. दोन वर्षांत त्याच्या कोपरावर दोन शस्त्रक्रिया झाल्या आणि आता तो फ्लोरिडात कुठेतरी बोटी विकतो. शॉर्टस्टॉप दुसऱ्या संघात गेला आणि त्या संघाला विजेतेपद मिळवून देऊन मोकळा झाला. तो सामना दोघांनी वेनच्या घरी बघितला. 'बघ, सांगितलं होतं की नाही,' असं सॅल म्हणाला असता तर वेनने ते सहन केलं असतं, कदाचित त्याला बरंही वाटलं असतं. सॅल तसलं काही बोलला नाही. त्याने वेनच्या खांद्यावर हात ठेवला आणि घरात कुणी गेल्यासारखा "जाऊ दे, वेन," म्हणाला.

वेनने तो हात खांद्यावरून उचलून बाजूला ठेवला, आणि तेव्हापासून दोघं एकमेकांना पाठ करून एकाच दुकानात कॉफी पीत होते. जे काही सांगायचं ते डोलोरसला सांगायचं, पण मोठ्याने. डोलोरसला बेसबॉलमधलं काही कळत नव्हतं, पण अकरा वर्षांत तिच्या कानांवरून इतकं गेलं होतं की एखाद्या संघाने तिला नोकरी दिली असती.

वेनला कळत नव्हतं ते एवढंच, की सॅल आता पिचरच्या बाजूने का बोलतो. त्या फजितीनंतर वेनने स्वतः कॉलेजातल्या पोरांचा पंथ धरला होता, म्हणजे सॅलचाच. आणि सॅल मात्र दर वर्षी शाळेतला एखादा पिचर काढायचा आणि त्याच्या डाव्या हाताचे गोडवे गायचा. हा आपल्याला चिडवतो आहे, एवढाच अर्थ वेनला लागत होता. त्यामुळे सकाळी दुकानाकडे निघताना त्याचं पाऊल जरा जोरात पडायचं. बायकोला, बार्बला, ते ओळखू यायचं. ती म्हणायची, "हा राग नाही, वेन. तुला त्याची आठवण येते." वेन म्हणायचा, रोज समोर दिसणाऱ्या माणसाची कसली आठवण.

त्या बुधवारी सॅल भलताच रंगात होता. टेक्सासच्या पिचरचं त्याच्या वडिलांशी, काकांशी, सगळ्यांशी बोलून ठरलेलं आहे, असं तो डोलोरसला समजावत होता आणि खिडकीजवळचे दोघेतिघेही मान डोलवायला लागले होते. आपल्याच टेबलावरच्या मानांची ही फितुरी वेनला बघवेना.

"डोलोरस," तो म्हणाला, "हेरॉन्सच्या ऑफिसात माझा एक माणूस आहे. कॅचर ठरलाय. याद्या झाल्या, सह्या तेवढ्या राहिल्यात."

सॅलचं स्टूल किंचित वळलं आणि पुन्हा जागेवर आलं.

यात अगदीच काही नव्हतं असं नाही. हेरॉन्सच्या ऑफिसात वेनचा एक माणूस होता. त्याचं नाव ब्रॅड, आणि दर मार्चमध्ये फोन करून तो वेनला हंगामाची तिकिटं विकायचा प्रयत्न करायचा. खेळाडू निवडण्याशी ब्रॅडचा संबंध होता तो इतकाच, की तो आणि निवडणारे एकाच इमारतीतल्या लिफ्टने वर जात असतील.

दुपारपर्यंत बातमी हार्डवेअरच्या दुकानात पोचली. गुरुवारी लुथरन चर्चच्या पाद्र्याने वेनला रस्त्यात थांबवून, प्रार्थनेनंतर दोन शब्द बोलाल का, म्हणून विचारलं. त्याच संध्याकाळी रेडिओवरच्या खेळाच्या गप्पांत कुणीतरी फोन करून सांगितलं, की हार्बरमध्ये लाहती नावाचे एक निवृत्त क्रेनवाले आहेत, त्यांचे हेरॉन्सच्या आतल्या गोटात फार जुने संबंध आहेत. निवेदकाने आदराने "अच्छा" म्हटलं. बार्बने रेडिओ बंद केला आणि नवऱ्याकडे बघितलं. वेन म्हणाला, की लोक वाढवून सांगतात.

शुक्रवारी सॅलने उत्तर दिलं. आपलाही तिथे एक माणूस आहे, असं त्याने डोलोरसला सांगितलं. वेनच्या माणसापेक्षा वरच्या मजल्यावरचा. पिचर पक्का. वेनला ते खरं वाटलं, कारण सॅलची मेव्हणी हेरॉन्सच्याच शहरात राहायची आणि कोल्युचींची माणसं कुठेही निघू शकत. आता डोलोरसही मागे हटायला तयार नव्हती. रविवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये सगळ्यांनी मिळून ड्राफ्ट बघायचं ठरलं, आणि तिने वेनवर विश्वास ठेवून कॅचरच्या नावाचा केक करायला घेतला. नाव इतकं लांब होतं, की शेवटची तीन अक्षरं केकच्या कडेवरून खाली उतरली.

शनिवारी जेवणं होत आली असताना फोन वाजला. पलीकडे एक बाई होती, शब्द जपून टाकत बोलणारी.

"लाहती ना? मी पॅटी ऑस्टरहाउट. नेटची आई."

वेन खुर्चीतून उठून उभा राहिला.

कुणीतरी रेडिओवरची ती बातमी इंडियानापर्यंत पोचवली होती, आणि ॲश्टाबुलाच्या फोनबुकात लाहती आता एकच उरला होता. बाई सांगत होती, की नेट तीन दिवस धड जेवलेला नाही, आजीने हेरॉन्सची टोपी आणून ठेवली आहे, आणि संघांची माणसं फोन करतात ती गोड बोलतात पण खरं कुणी सांगत नाही. तिला फक्त एवढंच विचारायचं होतं, की हे खरं आहे का.

वेनने भिंतीकडे बघितलं, बार्बकडे बघितलं. बार्बने भांडी घासायची थांबवली होती.

"नाही, बाई," तो म्हणाला. "मला काही माहीत नाही. माझा तिथला माणूस तिकिटं विकतो. मी एका मित्राला गप्प करायला ते बोललो."

बाईने विचारलं, की गप्प करायला दुसरं कुणाचं नाव सुचलं नाही का, नेटचंच का? वेनला या प्रश्नाचं उत्तर येत होतं. तो बोलायला लागला. खाली आपटणारा चेंडू नेट छातीवर कसा घेतो, पिचर घाबरला की मुखवटा वर करून, सावकाश चालत जाऊन त्याच्याशी काय बोलतो कुणास ठाऊक पण पुढचा चेंडू बरोबर पडतो, मार्चमधल्या पावसातल्या सामन्यात त्याने काय केलं, सगळं. चाळीस मिनिटं झाली. शेवटी बाईच्या आवाजात हसू होतं की रडू, ते वेनला ओळखू आलं नाही.

"आजवर कुणी माझ्या पोराबद्दल इतकं बोललं नव्हतं," ती म्हणाली. "पण जे मला सांगितलंत, ते तिथल्या लोकांनाही सांगा. आणि तुमच्या त्या मित्रालाही."

"मित्र होता," वेन म्हणाला.

"मग आधी त्याला सांगा," बाई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

रविवारी संध्याकाळी सात वाजता हॉल भरला. पडद्यावर अजून जाहिराती चालल्या होत्या. केक मधोमध टेबलावर होता. वेन उजव्या बाजूला, सॅल डाव्या बाजूला, आणि मधे सगळं गाव. वेन उठून उभा राहिला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यामुळे त्याला आणखीच कठीण गेलं.

त्याने सरळ सांगून टाकलं. ऑफिसात माणूस आहे, पण तो तिकिटं विकतो. त्याला कॅचर म्हणजे काय हे माहीत असेल, याचीसुद्धा खात्री नाही. बातमी माझ्या डोक्यातून निघाली. इंडियानात एका घरात तीन दिवस जेवण गेलेलं नाही, ते माझ्यामुळे. असं म्हणून तो खाली बसला. हळूहळू सगळ्या माना डावीकडे वळल्या. आता मैदान सॅलचं होतं.

सॅलने घसा साफ केला.

"डोलोरस," तो म्हणाला, "त्याला सांग, त्याचा निदान तिकिटं तरी विकतो. माझा तर माणूसच नाही."

डोलोरस काही सांगणार, तेवढ्यात पडद्यावर हेरॉन्सचं चिन्ह आलं. टाय लावलेला एक माणूस व्यासपीठावर चढला, चिठ्ठीकडे बघून हसला आणि म्हणाला, की चौथ्या क्रमांकावर हेरॉन्स निवडत आहेत मायका लिंडग्रेन, आउटफिल्डर, ऑरेगन.

हॉलमध्ये सव्वाशे माणसं होती. त्यांतल्या एकानेही हे नाव ऐकलेलं नव्हतं. वेनच्या खिशात चारपानी यादी होती, तीत दोनशे नावं होती. त्याने ती दोनदा वर-खाली बघितली. पलीकडे सॅलनेही आपली वही काढली होती आणि थुंकी लावून पानं उलटत होता. पडद्यावर एक उंच, गोंधळलेला पोरगा आईला मिठी मारत होता.

सॅल उठला. खुर्च्यांतून वाट काढत, लोकांच्या गुडघ्यांना धडकत तो हॉलच्या उजव्या बाजूला आला आणि वेनसमोर उभा राहिला.

"हा कोण?" त्याने विचारलं.

अकरा वर्षांनी सॅल त्याच्याशी सरळ बोलला होता.

"मला काय माहीत," वेन म्हणाला. "तुझ्या वहीत नाही?"

"नाही. तुझ्या यादीत?"

"नाही."

सॅल शेजारच्या खुर्चीत बसला. सहावी निवड झाली, सातवी झाली. आठव्या क्रमांकावर कुठल्याशा पश्चिमेकडच्या संघाने नेट ऑस्टरहाउटचं नाव पुकारलं. पडद्यावर एका स्वयंपाकघरात माणसं एकमेकांवर कोसळली. एका म्हातारीने डोक्यावरची टोपी काढून पाठीमागे लपवली. वेनला वाटलं तितका आनंद झाला नाही. पोराचं चांगलं झालं होतं, पण ते फार लांब होणार होतं.

डोलोरसने केक कापला. कडेवरून उतरलेली अक्षरं कुणाच्या वाट्याला येतात यावर पोरांचं भांडण लागलं. सॅलने दोन बशा आणल्या, एक वेनच्या हातात दिली आणि आपली तशीच मांडीवर धरून बसला.

वेनने विचारलं, "तू पिचरच्या मागे कधीपासून लागलास? तुला तर शाळेतले पिचर बघवायचे नाहीत. मला डिवचायला?"

सॅलने केकचा तुकडा काट्याने इकडून तिकडे सरकवला.

"तू बोलायचं बंद केलंस," तो म्हणाला. "मग तुझी बाजू कुणीतरी मांडायला नको?"

वेनने पडद्याकडे बघितलं. तिथे अकराव्या संघाची माणसं टेबलाभोवती डोकी जोडून बसली होती.

"अकरा वर्षं ऐकतोय," शेवटी तो म्हणाला. "फार वाईट मांडलीस."

सॅलने खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"बरं," तो म्हणाला. "मग आता तू सांग."