गुंडाप्पाची हार्डडिस्क

२०२३ साल. मला शहात्तरावं लागलेलं. त्या वर्षी आमच्या दूधकट्ट्यावर गुंडाप्पानं म्हशीच्या शिंगाला फोन बांधला.

कोल्हापुरात कट्ट्यावर म्हैस आणून गिऱ्हाइकासमोर धार काढायची रीत आहे. ग्लास पुढं धरायचा, फेसासकट प्यायचं, मिशा पुसत घरी जायचं. मी तिथं चाळीस वर्षं म्हैस घेऊन उभा आहे. म्हशी बदलल्या, जागा तीच. शेजारची जागा गुंडाप्पाची. गडहिंग्लजकडचा माणूस, लिंगायत, रागावला की कानडी. त्याची रंगी धारेला पाय झाडायची. तिला आवरायची ती त्याची बायको पारव्वा. हातानं नव्हे, तोंडानं.

त्याच्या आदल्या साली पारव्वाला अर्धांगाचा झटका आला. हळूहळू चालायला लागली, पण वाचा गेली ती गेलीच.

गोठ्यात चोरीच्या भीतीनं कॅमेरा बसवला होता, त्यात आवाजही येतो, हे गुंडाप्पाच्या जावयाला आठवलं. जुनं आपोआप पुसत जातं, म्हणून पारव्वाची एकाच सकाळची बडबड हाती लागली. तेवढी त्यानं हार्डडिस्कवर काढून दिली.

"फोनमध्येच घे की," मी म्हटलं.

"फोन म्हंजे पावणा, तात्या. आज हाय, उद्या न्हाय. पावण्याच्या हवाली घरची बाई करत्यात व्हय?"

डिस्क जेवणाच्या स्टीलच्या डब्यात, पारव्वाच्या चोळीच्या खणात गुंडाळलेली. नुसत्या फोनच्या जिवावर ती फिरेना, कटकट करून गप्प बसायची. म्हणून मोबाइलच्या दुकानदारानं मध्ये एक जोडणी आणि पॉवर बँक दिली. ती जोडणी हा करदोट्याला बांधून हिंडायचा. धारेआधी सगळं जोडायला पाव तास लागे. गिऱ्हाइकं ग्लास घेऊन ताटकळत.

"गुंडाप्पा, म्हशीला वैरण घालतोस का लाइट?" मी विचारायचो.

मग पारव्वाचा आवाज सुटायचा. "थांब की गं सटवे. मालकागत करू नकोस. त्याला तरी अक्कल हाय व्हय? दाढी करताना एक गाल इसरतंय ते." सगळा कट्टा गुंडाप्पाच्या गालाकडं बघायचा. तो मान वर न करता म्हणायचा, "म्हशीसंगं बोलती ती."

आता माझं सांगतो. मी चौथी शिकलेला. पण धार सांभाळून तीस वर्षं कचेरीत शिपाई होतो. इंग्रजी येतं असं मी कुणाला सांगितलं नाही, आणि येत नाही असंही सांगितलं नाही. लोक कागद घेऊन यायचे, मी चष्मा लावायचो.

एका संध्याकाळी चालू आवाजात रंगीनं मान झटकली आणि तार उपटली. गुंडाप्पानं परत जोडली, तर पारव्वा बोलेना. फोनवर इंग्रजीत दोन ओळी आल्या, खाली दोन बटणं.

"तात्या, काय म्हणतंय बघा."

मी चष्मा लावला. "चालू करू का इचारतंय. उजवीकडचं दाब."

त्यानं बोट नेलं आणि वरच धरलं. "पारव्वाची आण घिऊन सांगा."

मागनं एक गिऱ्हाईक बोललं, "आण कशाला? तात्या साहेबाला चहासुदीक इंग्रजीतनं द्यायचे."

लोक हसले. माझं टाळकं सरकलं. "दाब म्हणतोय न्हवं?" मी ओरडलो.

गुंडाप्पाचं बोट खाली यायला लागलं. त्या डब्याबाहेर पारव्वाचा एक शब्द जगात कुठं उरला नव्हता, आणि गुंडाप्पा माझ्या चष्म्यावर विसंबला होता.

"नको," मी म्हणालो. "दाबू नको."

त्यानं सगळं सोडवून डब्यात ठेवलं, डबा बाजूला सरकवला आणि आवाजाशिवायच धारेला बसला. आता लाथ बसणार म्हणून लोक मागं सरले. रंगी दगडागत उभी राहिली. छान पान्हावली. रोजच्याइतकं दूध दिलं.

गिऱ्हाइकं पांगल्यावर मी विचारलं, "हिला आवाज लागत न्हाय व्हय?"

"सुरवातीला आठ दिस लागला. मग सवय झाली तिला."

"आणि तू वरीसभर हे शिंगाला बांधतोयस?"

तो बादलीवर फडकं बांधत राहिला. "घरात दोघं बसतोय, तात्या. ती माझ्याकडं बघती, मी तिच्याकडं. तिच्यापुढं हे लावायला जीव हुत न्हाय, रडती ती. मग मला शिव्या घालणारं कोण ऱ्हायलं? म्हटलं, हितं तरी खाव्यात."

त्या रात्री भाकरी गोड लागली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दोन्ही म्हशींची धार सुनेवर सोपवली, धुतलेली टोपी घातली आणि गुंडाप्पाला घेऊन मोबाइलच्या दुकानात गेलो. आत चारपाच ओळखीची माणसं उभी होती. मी डबा काउंटरवर ठेवला. म्हणालो, "मला इंग्रजी येत न्हाय. ह्यात काय लिवलंय ते मोठ्यानं वाच."

दुकानदारानं जोडून वाचलं. डिस्क वाचता येत नाही, सगळं पुसून नव्यानं तयार करू का, असं होतं ते.

"उजवीकडचं दाबलं असतं तर?" गुंडाप्पानं विचारलं.

"कोरी झाली असती, काका."

गुंडाप्पा माझ्याकडं बघेना. मीही त्याच्याकडं बघितलं नाही. दुकानदारानं डिस्क कॉम्प्युटरला लावली, अर्धा तास खटपट केली, आणि पारव्वा एकदम भर दुकानात बोलायला लागली. माणसं वळून बघायला लागली. गुंडाप्पा स्टुलावर बसला आणि शेवटपर्यंत ऐकलं त्यानं.

मी दुकानदाराला म्हणालो, "ह्याच्या दोन नकला काढ. एक त्याच्या घरी ऱ्हाईल, एक माझ्या."